फळ्याचा उजवा कोपरा

पाचवी ते दहावी, मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात
बोलणाऱ्यांची नावं लिहिली.
तास रिकामा, बाई ऑफिसात,
आणि माझ्या हातात खडूचा तुकडा.
नोट प्रेसच्या गेटवरचा जवानसुद्धा
इतका ताठ उभा राहत नसेल.

सुगत पगारे, पुढे चार फुल्या.
किमया ताजनपुरे, दोन.
रेहान मणियारच्या फुल्यांना फळा पुरायचा नाही,
त्या भिंतीवर उतरायच्या.
एकदा देवळालीच्या रेंजवर तोफ उडाली,
खिडकीची काच थरथरली,
रेहान उठून म्हणाला, हिचंही नाव लिही की.
लिहिलं. तोफ, एक फुली.
खैरनार बाई आल्या, चष्मा पुसून वाचलं,
म्हणाल्या, ही तोफ कोण? नवीन ॲडमिशन?

निम्म्या वर्गाचे वडील नोटा छापायचे
आणि मधल्या सुट्टीत
पाच रुपयांची बोरं सात जणांत वाटली जायची,
बिया चघळत चघळत गणिताच्या तासापर्यंत.

सहावी आम्ही फोनमध्ये काढली.
दिगंबर लभडेचा चौकोन कायम काळा,
पळश्याच्या मळ्यातून त्यात फक्त कोंबड्या ऐकू यायच्या.
अल्फियाच्या घरी फोन एक, भावंडं तीन.
रात्री ती माझ्या वहीचे फोटो मागायची
आणि दरवेळी एक वेगळं फूल पाठवायची.
त्या वर्षी मी कुणाचंच नाव लिहिलं नाही.
सगळे म्यूट.
सवय म्हणून वहीच्या कोपऱ्यात लिहून पाहिलं,
सुगत, किमया, रेहान,
पण फुली द्यायला कुणी बोलेना.

सातवीत परत आलो तर रेहानचा आवाज फुटलेला.
मी ओळखलाच नाही, नाव लभडेचं लिहिलं.
त्यावर दोघांनी मिळून भांडण काढलं
आणि दोघांच्याही फुल्या वाढल्या.

आठवीत सुगतचे वडील गेले.
तो आला, बसला, दप्तर मांडीवरच ठेवलं.
पंधरा दिवस त्याच्या बाकावरून काही ऐकू आलं नाही.
मी रोज खडू घेऊन उभी राहायची.
बाकीचे हळू आवाजात बोलायचे, त्यांची नावं
मी उगाच लिहीत बसायची.
सोळाव्या दिवशी भूमितीच्या तासाआधी
तो मोठ्यांदा म्हणाला, पट्टी आहे का कुणाकडे?
सतरा पट्ट्या पुढे आल्या.
मी त्याचं नाव लिहिलं,
एवढं मोठं अक्षर मी शीर्षकालाही काढत नाही,
आणि पुढे एक फुली.
तो हसला नाही. पण पट्टी परत देताना
अल्फियाला म्हणाला, हिला खडू कमी द्या रे.

निरोपाच्या दिवशी समोसा संपला, भाषणं संपली.
आहेर सर म्हणाले, मॉनिटरनं दोन शब्द बोलावेत.
मी उभी राहिले. कागद होता, अक्षरं होती.
समोर सेहेचाळीस जण गप्प,
हेच तर मी इतकी वर्षं मागत होते,
आणि आता ते मिळालं तर
पंखा किती करकरतो ते कळलं.

रेहान उठला.
माझ्या हातातला नव्हे, टेबलावरचा खडू घेतला,
उजव्या कोपऱ्यात लिहिलं: भैरवि.
वेलांटी चुकलेली, पाचवीपासूनच चुकते.
फुली दिली नाही.
म्हणाला, अजून बोललीच नाहीस.

मग मी बोलले.
काय बोलले ते विचारू नका.
प्रेसचा भोंगा झाला तरी बोलत होते,
आणि एकेक जण उठून फळ्यापाशी जात होता,
किमया, लभडे, अल्फिया,
सगळ्यात शेवटी सुगत,
एकेक फुली देऊन परत बसत होता.

गुणपत्रिका आणायला गेले तेव्हा वर्गाला कुलूप.
खिडकीतून पाहिलं.
रंगनाथ मामांनी फळा पुसलाय,
कोपरा नेहमीसारखाच अर्धवट.
'भै' गेला. 'रवि' उरलाय
आणि पुढे फुल्याच फुल्या.

जूनमध्ये नवी पोरं येतील,
त्यांना वाटेल, कुणी रवि होता इथं,
फार बोलायचा.